सकाळच्या एका बाटलीवर वर्षाचा गाळ?

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हिमाचलातल्या एका जलविद्युत प्रकल्पाच्या अहवालात रोज सकाळी घेतलेल्या एका नमुन्यावरून नदीच्या वर्षभराच्या गाळाचा अंदाज काढलेला दिसला. त्यावर कितपत विसंबावं?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : हिवाळ्यापुरतं खुशाल विसंबा, पावसाळ्यात मुळीच नको. मी सतलजच्या खोऱ्यात गाळमोजणी केली आहे, म्हणून तिथलंच सांगतो.

आधी हिशेब करून बघा. विसर्ग, म्हणजे नदीतून वाहणारं पाणी, सेकंदाला २०० घनमीटर आणि गाळ ५०० पीपीएम, म्हणजे घनमीटरमागे अर्धा किलो धरला, तर दिवसाला ८,६४० टन गाळ वाहून जातो. पूर येऊन विसर्ग ५०० वर आणि गाळ ५,००० पीपीएमवर गेला, की दिवसाला २,१६,००० टन! पंचवीस दिवसांचा गाळ एका दिवसात. हाच पूर मध्यरात्री येऊन सकाळी आठच्या आत ओसरला, तर वहीत त्याचा मागमूसही राहत नाही.

न मोजलेल्या दिवसांसाठी विसर्ग आणि गाळ यांची लघुगणकी (लॉगरिदमच्या) आलेखावर रेषा बसवतात. पण तेवढ्याच विसर्गाला चढत्या पुरात बहुधा जास्त गाळ असतो आणि उतरत्या पुरात कमी. जूनचं पाणी आणि सप्टेंबरचं पाणीही सारखं नसतं. सगळ्यांना एकच रेषा लावलेली असेल, तर तिथे खूण करून ठेवा. शिवाय लघुगणकातून परत टनांत येताना उत्तर कमी भरतं. त्यासाठी दुरुस्ती-गुणक लावायचा असतो आणि तो अनेकदा राहून जातो.

आता कणांविषयी, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. धरणात किती गाळ साठेल हे एकूण टनांवरून कळतं, पण टर्बाइनचं काय होणार हे रेती ठरवते. नमुना चाळून ०.२ मिलिमीटरवरचा जाड गाळ वेगळा काढतात. तो वाळवून भिंगाखाली धरला की अभ्रक चकाकतं आणि त्याच्या शेजारी क्वार्ट्‌झचे धारदार, काचेसारखे कण दिसतात. क्वार्ट्‌झ टर्बाइनच्या पोलादाहून कठीण. सतलजवरच्या नाथपा झाकरी जलविद्युत प्रकल्पाला पाणी ४२८ मीटर उंचीवरून येतं, त्या वेगात हे कण रनर, म्हणजे टर्बाइनचं फिरतं चाक, अक्षरशः खरवडून काढतात. म्हणून तिथे डोंगराच्या पोटात गाळ खाली बसवणारी, ५२५ मीटर लांबीची चार गाळकुंडं खोदली आहेत, तरीही गाळ फार वाढला की वीजनिर्मितीचे संच बंद ठेवावे लागतात. कोयनेत जलाशयातच रेती खाली बसते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न फारसा शिकवलाच जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

बाटलीत न येणारा गाळ वेगळाच. पुरात सतलजच्या पुलावर उभं राहिलं की पाण्याखाली दगडावर दगड आदळल्याचा आवाज ऐकू येतो. या तळच्या गाळापोटी निलंबित, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणाऱ्या गाळाच्या १५-२० टक्के धरण्याची पद्धत आहे. तीव्र उताराच्या नदीला ती डोळे मिटून लावू नये.

आणि पाणलोटाचा नकाशा वरपर्यंत बघा. तिबेटात पारेछू नदीवर दरड कोसळून साचलेलं तळं २६ जून २००५ रोजी फुटलं आणि तो लोंढा स्पितीमार्गे सतलजमध्ये उतरला. अशी घटना कुठल्याच रेषेवर बसत नाही, तिचा विचार स्वतंत्रच करावा लागतो.

तुमच्या प्रकल्पासाठी पुराच्या दिवसांतल्या तासातासाच्या नोंदी आणि क्वार्ट्‌झचं प्रमाण मागून घ्या. नोंदी नसतील तर तसं स्पष्ट लिहा आणि वर्षाचा एकच आकडा न देता कमीत कमी व जास्तीत जास्त असे दोन्ही द्या. हिमालयातल्या प्रकल्पांच्या गाळकुंडांची लहान आकाराची प्रतिरूपं खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत तपासली जातात. कॉलेजचं पत्र घेऊन तिथे भेटीची परवानगी मागा.