मशीन मागे नेण्याआधी

प्रश्न : मी देवगडला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं टेस्टिंगचं काम करतो. व्हर्च्युअलबॉक्समधल्या (लॅपटॉपच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर रात्री ४०० टेस्ट लावून झोपतो. सकाळी बघावं तर व्हर्च्युअल मशीन गोठलेलं आणि लॉग मध्येच तुटलेला. स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर, मागे नेलं की दिवसभर ठीक. काय करू?
– एक वाचक

उत्तर : आधी ते उठल्याउठल्या स्नॅपशॉटवर जाणं थांबवा. मीही रत्नागिरीत आठ दिवस हाच उद्योग केला. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हाताने पुरावा पुसायचा! जून होता, त्यामुळे खापर लाईटवर. नवव्या दिवशी मूळ लॅपटॉपचा कर्नल लॉग (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याची नोंदवही) उघडला, तर त्यात 'आउट ऑफ मेमरी', म्हणजे मेमरी संपली. १६ जीबीच्या लॅपटॉपवर मी ६-६ जीबीची तीन मशीनं चालवत होतो. लॅपटॉपनेच त्यातलं एक मारलं होतं.

पण माझं मशीन बंदच पडायचं, तुमचं गोठतंय. बहुधा आत कर्नल पॅनिक होत असावा, म्हणजे सावरता न येणारी चूक झाल्याने कर्नलच थांबत असावा. लॉगच्या शेवटच्या ओळी तेव्हा मेमरीतच असतात, डिस्कवर पोचतच नाहीत. म्हणून आतल्या लॉगवर विसंबू नका. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये सिरियल पोर्ट (मजकूर ओळीने बाहेर पाठवणारी जोडणी) चालू करा, मोड 'रॉ फाइल' ठेवा आणि फाइल बाहेरच्या लॅपटॉपवरची द्या. आतल्या लिनक्सच्या बूट पर्यायांत कन्सोल (कर्नलचे संदेश जिथे जातात ती जागा) म्हणून तोच पोर्ट द्या. कर्नल मरताना जे बडबडेल ते त्या फाइलीत सापडेल.

कर्नलचं 'पॅनिक' सेटिंग मुळात ० असतं, म्हणजे पॅनिक झाला की मशीन तसंच ताटकळत राहतं. ते १० करा, १० सेकंदांनी आपोआप रीबूट होईल. मात्र रीबूटनंतर तीच टेस्ट पुन्हा लागली तर रात्रभर पडझड चालू! म्हणून प्रत्येक टेस्ट सुरू करण्याआधी तिचं नाव बाहेरच्या फाइलीत लिहा. नाव आहे आणि निकाल नाही, ती टेस्ट 'क्रॅश' म्हणून नोंदवून पुढे जा.

पॅनिक न होताच गोठत असेल तर रीबूट होणार नाही. त्यासाठी बाहेरच्या लॅपटॉपवरून टेस्ट चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाइमआउट (वेळेची मर्यादा) हवा. वेळ संपली की व्हीबॉक्समॅनेजने (व्हर्च्युअलबॉक्सची कमांड) आधी स्क्रीनशॉट आणि मेमरी डंप (मेमरीची फाइलीतली नक्कल) घ्यायचा, मग रीसेट. डंप आतल्या रॅमएवढा मोठा होतो, जागा बघून घ्या.

एवढं करून कारण कळलं नाही तर सिरियल फाइलच्या शेवटच्या ५० ओळी पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, मजकूरच पाठवा.