धावपट्टी आहे, विमान कुठंय?

प्रश्न : दादा, लातूरला विमानतळ आहे, धावपट्टी आहे, तरी आम्हाला विमानासाठी नांदेड नाहीतर हैदराबाद काहून गाठावं लागतं? दर इलेक्शनला ऐकतो, सुरू होणार म्हणून. (एक वाचक, अहमदपूर)

उत्तर : भाऊ, विहीर खणली म्हणून शिवारात पाणी फिरत नसतं, मोटार लागते, लाईट लागते आणि बिल कोण भरणार तेबी ठरावं लागतं. लातूरची पट्टी पीडब्ल्यूडीनं १९९१ ला बांधली, २००९ मध्ये लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती, यवतमाळ असे पाचही विमानतळ खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या लीजवर गेले. पण पट्टी हा त्यातल्या त्यात सोपा भाग बगा. विमान कंपनी विचारते, रात्री उतरायला लाईट आहेत का, आयएलएस आहे का (म्हणजे पायलटला ढगातसुद्धा पट्टीची रेषा आणि उतार दाखवणारी रेडिओ यंत्रणा), फायर ब्रिगेड आहे का, इंधन भरायची सोय आहे का. नुसतं डोळ्यानं बघून उतरायचं तर साधारण ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं, आणि श्रावणातलं आपलं आभाळ तुम्हाला माहीतच आहे.

आणि खरी गोम सीटा भरण्यात आहे. एटीआर ७२ म्हणजे सत्तरेक सीटचं पंख्याचं विमान, ते रोज जाताना आणि येताना दोन्हीकडून बऱ्यापैकी भरलं पाहिजे. लातूरला क्लासची पोरं हजारोंनी आहेत, पण ती दिवाळीला सगळी एकाच दिवशी घरी निघतात आणि तीबी ट्रॅव्हल्सनं! नांदेडचं तसं नाही, गुरुद्वाऱ्यामुळं पंजाबचे भाविक वर्षभर येतात, २००८ च्या गुरुता गद्दी त्रिशताब्दीच्या (गुरू ग्रंथसाहिबला गुरूपद मिळाल्याला तीनशे वर्षं झाली त्या सोहळ्याच्या) वेळी तिथला विमानतळ सुधारला तो त्यासाठीच. उडान म्हणजे छोट्या शहरांना स्वस्तात विमानानं जोडायची केंद्राची योजना, तिचं पहिलं उद्घाटन २७ एप्रिल २०१७ ला झालं, त्यातबी नांदेड-हैदराबाद होतं. या योजनेत काही सीटा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांच्या आसपास ठेवायच्या आणि कंपनीचा तोटा सरकारनं भरायचा, मोठ्या शहरांच्या विमानांवर लेव्ही (जादा आकार) लावून. पण ही मदत तीन वर्षंच, पुढं कंपनीनं आपल्या पायावर उभं राहायचं, तिथंच बऱ्याच ठिकाणी गाडी अडकते. नांदेड-हैदराबाद विमान चालवणारी ट्रूजेट कंपनीबी पुढं बंद पडली, मग २०२४ ला स्टार एअर ही दुसरी कंपनी आली तेव्हा कुठं पुन्हा हालचाल. म्हणून पुढच्या सभेत पुढाऱ्याला धावपट्टीचं विचारू नका, चौथ्या वर्षी तोटा कोण भरणार ते विचारा.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे, पहिल्यांदाच विमानात बसणार, नांदेडहून. काय काळजी घेऊ? (एक ताई, परभणी)

उत्तर : ताई, व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, तिथं जाऊन मागितली तर वाट बघत बसावं लागतं. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून परभणीहून पहाटेच निघा. लहान विमानतळावर बऱ्याचदा एरोब्रिज (इमारतीतून थेट विमानात नेणारा बंद पूल) नसतो, चालत जाऊन शिडी चढावी लागते, गुडघे दुखत असतील तर ते आधीच सांगून ठेवा. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत नीट बांधून टाका. आणि सुकं खोबरं? ते घरीच ठेवा, तेलामुळं पेट घेतं म्हणून चालत नाही. माझ्या मावशीची अख्खी वाटी सिक्युरिटीवाल्यानं काढून ठेवली होती, ती अजून त्याला शिव्या देते.