ईएमजी झाली, मग एमआरआय कशाला?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ महिन्यापूर्वी मोटरसायकलवरून उजव्या खांद्यावर आपटला. हात खांद्यापासून लुळा आहे, बोटांना स्पर्शही कळत नाही. चौथ्या दिवशी ईएमजी-एनसीव्ही (स्नायूत सुई घालून आणि नसेला करंट देऊन करतात ती तपासणी) केली, त्यात फारसं काही निघालं नाही. आता दुसरे डॉक्टर तीच तपासणी पुन्हा करायला सांगतात, शिवाय एमआरआय. एवढा खर्च खरंच लागतो का?
– एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, लागतो. चौथ्या दिवशीच्या रिपोर्टवर विसंबू नका. नस तुटली तरी तुटलेल्या जागेच्या पुढचा तुकडा काही दिवस करंट वाहून नेतो, आणि सुईच्या तपासणीत स्नायूंत नस तुटल्याची खूण उमटायला तीनेक आठवडे जातात. म्हणजे खरी वेळ आत्ताची आहे. मानेमागच्या स्नायूंतही सुई घालून बघा, असं आवर्जून सांगा.

नवा रिपोर्ट आला की सेन्सरीचे, म्हणजे स्पर्शाच्या नसांचे, आकडे आधी बघा. बोटं बधिर, पण आकडे नॉर्मल, असं दिसलं की घरचे खूश होतात. मी मात्र काळजीत पडतो. स्पर्शाच्या पेशी मणक्यालगत नसेवरच्या नैसर्गिक गाठीत असतात. नसेचं मूळ त्या गाठीच्याही आत, मज्जारज्जूपासूनच उपटलं, तर गाठीपासून बोटांपर्यंतची नस जिवंत राहते, आकडेही चांगले येतात. मेंदूपर्यंत मात्र काहीच पोचत नाही. असं मूळ आपोआप जुळून येत नाही. मग फासळ्यांमधली किंवा मानेतली दुसरी नस उसनी घेऊन जोडावी लागते.

मूळ उपटलंय का, हे एमआरआयमध्ये मणक्यालगत साचलेल्या पाण्याच्या पिशवीवरून ताडता येतं. पण पिशवी असूनही मूळ शाबूत असू शकतं, म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचायचे. चिठ्ठीवर नुसतं 'मान' नको, 'ब्रेकियल प्लेक्सस' (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) लिहून घ्या. तरी शंका राहिली तर सीटी मायलोग्राम, म्हणजे पाठीत डाय (रंगद्रव्य) देऊन मज्जारज्जूभोवतीचा सीटी स्कॅन. सोनोग्राफी स्वस्त, पण हाडाच्या आतलं तिला दिसत नाही.

एक तपासणी फुकटातली : त्याची उजवी पापणी थोडी उतरलीय का, बाहुली डाव्यापेक्षा लहान आहे का, बघा. असेल तर सर्वांत खालचं मूळ गेल्याची दाट शंका.

नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि स्नायू दीड वर्षाहून जास्त तिची वाट बघत नाहीत. ऑपरेशन लागलंच तर ते तीन ते सहा महिन्यांत झालेलं बरं. म्हणून याच महिन्यात, एमआरआयची सीडी घेऊन, नसांची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला भेटा. नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका.