कोणतं बाळ थांबू शकतं?

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

फेलोशिप संपवून जिल्ह्याच्या गावी लहान मुलांच्या डोळ्यांची ओपीडी सुरू करतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. आधी कोणतं यंत्र घेऊ, असं विचारलं आहेस. टॉर्च, नंबर काढायचा रेटिनोस्कोप, डोळ्याचा पडदा बघायचा इनडायरेक्ट आणि त्याची वीसची लेन्स आहे ना? मग बाकीचं सावकाश घे. समोर आलेलं बाळ वर्षभर थांबू शकतं, आठवडाभर थांबू शकतं, की त्याला आजच्या आज पुढे पाठवायचं, हे ठरवणं तुझं खरं काम. त्याचं यंत्र मिळत नाही.

आजोबांचा मोतीबिंदू सहा महिने उशिरा काढला तरी नजर येते. तान्ह्या बाळाचं तसं नाही. त्या वयात मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्यातून चित्र स्पष्ट पोचलं नाही, की मेंदू त्या डोळ्याचा नाद सोडतो आणि नंतर डोळा कितीही स्वच्छ करून दिला तरी तो आळशीच राहतो. ह्यूबेल आणि वीझल या संशोधकांनी मांजरीच्या पिल्लांच्या पापण्या शिवून हे दाखवलं, १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. परीक्षेत हे तू लिहिलंच असशील. आता तेच एखाद्या आजीला पटेल असं सांगायचंय, आणि तेही बाळ रडत असताना.

तुझ्याकडे सगळ्यात जास्त येईल ती तक्रार म्हणजे डोळ्यातून पाणी. अशा बहुतेक बाळांची अश्रूनलिका नाकाकडच्या टोकाला उघडलेली नसते. सकाळी पापण्या चिकटतात, चिपडं येतात, डोळा मात्र पांढराशुभ्र असतो. ही बाळं थांबू शकतात. दहातली नऊ वर्षाच्या आत आपोआप बरी होतात, फक्त मालिश नीट व्हायला हवं. ‘मालिश करा’ एवढंच सांगितलंस तर आई नाकाच्या कडेने हलकं बोट फिरवत राहील, त्याने काही होत नाही. तिला नख कापायला सांग. मग तिचं बोट धरून बाळाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या हाडावर ठेव आणि तिच्या नखाचा रंग पांढरा पडेल इतकं दाबून खाली आण. दाबल्यावर कोपऱ्यातून चिकट पाणी वर आलेलं तिला दिसलं, की ती घरी जाऊन मनापासून करते. वर्ष उलटूनही पाणी थांबलं नाही, तर प्रोबिंग, म्हणजे बारीक सळई घालून नलिका मोकळी करणं, आहेच.

आता त्याच रांगेतलं दुसरं बाळ बघ. यालाही पाणीच येतंय, पण चिपडं नाहीत. उजेडात डोळे घट्ट मिटतं, उन्हात नेलं की आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. आणि घरचे कौतुकाने सांगतात, ‘डोळे किती टपोरे आहेत बघा, आजीवर गेलाय.’ हे वाक्य ऐकलंस की मोजपट्टी काढून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग, मोज. जन्मतः तो साधारण दहा मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात बारापेक्षा जास्त भरला, त्यावर धुरकटपणा असला, तर जन्मजात काचबिंदू समजूनच पुढची पावलं उचल. डोळ्यातला दाब वाढलाय आणि बाळाचा डोळा मऊ असल्याने ताणून मोठा होतोय, म्हणून तो टपोरा. याचा इलाज शस्त्रक्रियाच. डोळ्यातल्या पाण्याची वाट मोकळी करायची. कॉर्निया स्वच्छ असेल तर गोनिओटॉमी करता येते, धुरकट असेल तर ट्रॅबेक्युलोटॉमी. दाब कमी करणारे थेंब फक्त शस्त्रक्रियेपर्यंतचे. त्यातही ब्रिमोनिडीन तान्ह्या बाळाला चुकूनही लिहू नकोस. बाळ गुंगीत जातं, श्वास थांबू शकतो. मोठ्यांच्या ओपीडीत ते आपल्या हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

अशा घरात आईवडिलांचं नातं विचार. आपल्याकडे, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, मामाची मुलगी करायची रीत अजून आहे आणि हा आजार बऱ्याचदा दोन्हीकडून आलेल्या जनुकामुळे होतो. विचारताना आवाज पोलिसासारखा नको. दोष कोणाचाच नाही, पण पुढचं बाळ झालं की पहिल्या आठवड्यातच दाखवायला आणा, एवढं सांगितलं तरी खूप.

बाहुली पांढरी दिसते म्हणून कोणी आलं तर त्या दिवशी जेवायला उशीर झाला तरी चालेल. ‘अंधारात डोळा मांजरासारखा चमकतो’ असं आई म्हणते, किंवा बारशाच्या फोटोत एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा आलेला असतो. फोटो मागून घे, मोबाइलमध्ये मागे जाऊन कधीपासून दिसतंय ते बघ. ओपीडीचा दिवा मालवून ऑफ्थॅल्मोस्कोपने हातभर अंतरावरून दोन्ही बाहुल्या एकदम बघितल्यास तर दहा सेकंदांत कळतं. मोतीबिंदू निघाला तर एका डोळ्याचा सहा आठवड्यांच्या आत, दोन्हीचा आठ आठवड्यांच्या आत काढलेला बरा. ‘बाळाचं वजन वाढू द्या, वर्षाचं झाल्यावर बघू’ असं सांगून घरी पाठवलेली बाळं तुझ्याकडे येतील. आधीच्या डॉक्टरला नावं ठेवण्यात वेळ घालवू नकोस, भुलेच्या डॉक्टरांची तारीख घे. सात महिन्यांच्या आतल्या बाळात एका बाजूचा मोतीबिंदू काढल्यावर लेन्स बसवून फायदा होत नाही, उलट पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ येते, असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्स, नाहीतर जाड भिंगाचा चष्मा. खरं काम शस्त्रक्रियेनंतर सुरू होतं, हे आधीच सांग. चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलणार आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी काही वर्षं लागणार.

मोतीबिंदू नसेल, तर रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, नाही याची खात्री होईपर्यंत तो आहे असंच धर. सुई घालून नमुना घ्यायचा नाही, गाठ डोळ्याबाहेर पसरते. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून पडदा बघ, भावंडांनाही बोलव आणि त्याच दिवशी कॅन्सरच्या केंद्रात फोन कर. गाठ डोळ्याच्या आत असते तोवर बहुतेक मुलं वाचतात. डोळा काढावा लागणार असेल तेव्हा घरातले गप्प होतात, गावी जाऊन विचार करतो म्हणतात. कृत्रिम डोळा बसवलेल्या मुलाचा फोटो, त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने, टेबलाच्या खणात ठेवून दे. त्या क्षणी माझ्या बोलण्यापेक्षा तो फोटो जास्त बोलतो. याच आजाराची दुसरी खूण म्हणजे तिरळेपणा. म्हणून तिरळं बघणाऱ्या प्रत्येक मुलाचा पडदा तपासायचा, मग कोणी कितीही ‘लकी आहे हो’ म्हणालं तरी. चपट्या नाकामुळे नुसता तिरळा भासणारा डोळा वेगळा. टॉर्चचा ठिपका दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध पडला की आईला तो दाखव आणि घरी पाठव.

चष्मा आणि पट्टीबद्दल फार लिहीत नाही, ते तू शिकलायस. एवढंच, की पट्टी चष्म्यावर नको, कातडीवर हवी. चष्म्यावर लावली की पोरं कडेने बघतात. मध्यम आळशी डोळ्याला दिवसाला दोन तास पुरतात. ते दोन तास कार्टूनच्या वेळेत बसवलेस तर मूल विसरतं. बाहुली मोठी करणारं अॅट्रोपिनचं मलम लिहून देतोस तेव्हा गाल लाल होतील, अंग गरम लागेल, तसं झालं तर मलम थांबवून फोन करा, हे सांगितलं नाहीस तर रात्री दोनला फोन येईल आणि पुढच्या वेळी ते येणार नाहीत. काजळावरून आजीशी वाद घालू नकोस. तीट गालावर लावा, डोळ्यात बोट नको, म्हटलं की ऐकतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र तू एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, घालवावास असं मला वाटतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्याच नसतात. जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढल्या की पडदा सुटतो. हाच आरओपी, रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. अमेरिकेत दीड किलोच्या आतली बाळं तपासतात. आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही हा आजार होतो, म्हणून दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं प्रत्येक बाळ ३० दिवसांच्या आत तपासलं गेलं पाहिजे, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. उपचार लागला तर लेझर ४८ ते ७२ तासांत. लेझरऐवजी डोळ्यात इंजेक्शन दिलंस तर महिनोन्महिने बघत राहायचं, आजार उशिरा उलटतो.

अडचण अशी, की बाळ विसाव्या दिवशीच पेटीतून घरी जातं. वजन वाढलं, दूध प्यायला लागलं, सगळे खूश असतात, आणि डोळे तर बाहेरून छान दिसतात. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर तपासणीची तारीख लाल पेनने तू स्वतः लिही. आईचा, वडिलांचा आणि गावच्या आशाताईंचा असे तीन नंबर वहीत हवेत, कारण बाळंतपणानंतर आई माहेरी असते आणि वडिलांचा फोन लागत नाही. २०१३ साली पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आणि जन्मजात मोतीबिंदू दोन्ही आहेत, तेव्हा त्यांच्या पथकाची ओळख पहिल्याच महिन्यात करून घे. सिस्टरांनाही विचार, कोणता वार सोयीचा. बाळाला तपासणीच्या तासभर आधी पाजायचं नाही, बाहुलीचे थेंब वेळेवर घालायचे, तपासताना श्वासावर लक्ष ठेवायचं, हे सगळं त्याच करणार आहेत.

कळव कसं चाललंय ते.

तुझी,
मॅडम

ता. क. बाहुली मोठी करणारे, बाजारात मिळणारे ट्रॉपिकामाइड-फेनिलेफ्रिनचे थेंब मोठ्यांच्या ताकदीचे असतात, ०.८ आणि ५ टक्के. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी निम्मे पातळ करून घे, बाटलीवर तारीख टाक आणि घातल्यावर गालावर ओघळलेला थेंब लगेच पुसायला सांग.