पेशंट ‘हो’ म्हणाला तर?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरांची एक तक्रार आता मला पाठ झाली आहे. पेशंटची शुगर, झोप, दारू, शौचाची वेळ, सगळं बिनदिक्कत विचारता येतं. लैंगिक त्रासाचा विषय आला की जीभ अडखळते. कारणंही ठरलेली. ओपीडीत गर्दी असते, पेशंटला राग येईल, तो बाहेर जाऊन काय बोलेल, आपल्याकडे हे असलं विचारत नाहीत. यातलं प्रत्येक कारण थोडंथोडं खरं आहे, म्हणून तर ते हातचं सुटत नाही.

एका फिजिशियन डॉक्टरबाईंचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच बैठकांतलं मोजकंच सांगते आहे. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना, हाताला गुण आहे अशी ख्याती. मधुमेहाच्या एका जुन्या पेशंटने बीपीची गोळी परस्पर बंद केली, आणि का ते त्याच्या बायकोकडून कळलं. गोळीमुळे ‘ते’ जमत नाही असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ अशी पाटी लावलेल्या कुणाकडे तो महागडा कोर्स घेत होता. (अशा जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. एसटी स्टँडच्या भिंतींना ते कुणी कळवलेलं नाही.)

“इतकी वर्षं माझ्याकडे येतात, आणि मला सांगितलं नाही!”

“तुम्ही विचारलं होतं?”

“मॅडम, मी बाई. ते काका माझ्या वडिलांच्या वयाचे. कसं विचारणार?”

बाई असण्याचा मुद्दा मी लांबवला नाही. पुरुष डॉक्टर पुरुष पेशंटला तरी कुठे विचारतात? मी त्यांच्याच कामाकडे वळले.

“छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पुरुषाच्या जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवण्याआधी काय काय बघता?”

“बीपी बघते. ईसीजी काढते…” त्या थांबल्या. “सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, घेतलंय का, ते विचारायला हवं. २४ तासांत घेतलं असेल तर बीपी धाडकन खाली येतं. त्याच जातीचं टाडालाफिल असेल तर ४८ तास.”

“विचारता?”

“नाही. कुणी घेत असेल असं मी धरतच नाही.”

“आणि विचारलं, आणि ते ‘हो’ म्हणाले, तर?”

यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तर पुढे काय बोलायचं, ते मला येत नाही. एमडी होऊन पेशंटसमोर गप्प बसायचं का?”

सगळी गाठ इथे होती. त्या जिला लाज म्हणत होत्या, ती बरीचशी निरुत्तर होण्याची धास्ती होती. भावनेच्या मुळाशी विचार असतो, या मताची मी आहे, आणि इथला विचार मला अगदी स्वच्छ दिसला: डॉक्टर म्हणून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलंच पाहिजे. एमबीबीएसला जननेंद्रियांची रचना शिकवतात, गुप्तरोग आणि गर्भनिरोधन शिकवतात. पेशंटशी या विषयावर बोलायचं कसं, याची तालीम क्वचितच मिळते. तेव्हा न येण्यात नवल काही नाही. न येणं हा कमीपणा आहे असं मानलं, की मग प्रश्न न विचारणं सोयीचं होतं.

“क्रिएटिनिन वाढलं की काय करता?”

“नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवते. किडनीचं काम त्यांचं.”

“तेव्हा कमीपणा वाटतो?”

त्या हसल्या. त्या हसण्यानंतरचं काम तुलनेने सोपं होतं, हे मी अनुभवाने सांगू शकते.

पुढच्या बैठकीत मी त्यांना एकच वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं. ‘शुगर असलेल्या’पासून सगळं खणखणीत आलं. ‘ताठरता’ शब्दाशी आवाज खाली गेला, मान टेबलाकडे वळली आणि पटकन ‘इरेक्शन’ म्हणून त्या सुटल्या. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. काही वेळाने मान वरच राहिली. मनात कितीही उजळणी केली तरी हे साधत नाही. घरी दार लावून मोठ्याने म्हणावं लागतं.

ते वाक्य असं: “शुगर असलेल्या बऱ्याच पुरुषांना संबंधाच्या वेळी ताठरता कमी येते. तुम्हाला तसं काही जाणवतं का?” आधी हे अनेकांना होतं हे सांगायचं, मग विचारायचं. “घरी सगळं ठीक आहे ना?” असं विचारलं की पेशंट “हो” म्हणतो आणि विषय संपतो.

प्रश्न कुठे घालायचा, हेही महत्त्वाचं. मधुमेहाच्या तपासणीत डोळे, पाय, लघवी हे विचारावंच लागतं. पायाला मुंग्या येतात का, लघवीच्या जागी खाज किंवा चिरा आहेत का, आणि मग हा. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते, त्यामुळे शिश्नाच्या टोकावरच्या कातडीला बुरशी लागू शकते. पेशंट ते लपवतो आणि बायकोपासून दूर राहतो. साध्या मलमाने बरं होणारं दुखणं घरात भांडण लावतं.

“हो” आलं तर त्याच दिवशी सगळं सोडवायचं नाही. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. “बरं झालं सांगितलंत, यावर उपाय आहेत, शुक्रवारी शेवटच्या नंबरला एकटे या,” एवढं पुरतं. त्या भेटीत पाच गोष्टी काढायच्या: कधीपासून, हळूहळू की एकदम, पहाटे ताठरता येते का, विकत आणलेल्या धरून कोणती औषधं चालू आहेत, जिना चढताना छातीत भरून येतं का. पहाटे ठीक आणि ऐनवेळी अडचण, अचानक सुरुवात, असं असेल तर मनाकडे बघावं. हळूहळू वाढत पहाटेचीही गेली असेल तर रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे त्या आधी कुरकुरतात; हृदयविकाराची ही सूचना काही वर्षं आधी मिळू शकते. टेस्टोस्टेरॉन तपासायचं तर सकाळी, उपाशीपोटी.

काकांची शंका अगदीच निराधार नव्हती. त्यांची गोळी ॲटेनोलॉल होती, आणि त्या गटातल्या गोळ्यांनी काहींना हा त्रास होतो. डॉक्टरांनी गोळीचा गट बदलला. काका आता कोर्सवाल्याकडे जात नाहीत.

दवाखान्याची मांडणीही थोडी बदलावी लागली. एका वेळी तिघांना आत घ्यायची पद्धत या बोलण्यापुरती बंद, मुलगा किंवा सून बाहेर. तपासताना सिस्टर हजर हवी. बोलताना ती दिसेल पण तिला ऐकू जाणार नाही, इतकी लांब. आणि केसपेपर! तो घडी घालून घरी जातो, कंपाउंडर वाचतो, केमिस्ट वाचतो, शिकलेला नातू तर मोठ्याने वाचतो. त्यावर निदान न लिहिता एक खूण करायची, तपशील आपल्या वहीत.

“काकांना जमलं,” त्या नंतर एकदा म्हणाल्या, “पण मधुमेही बायकांना मी अजून विचारत नाही.” त्यांच्यात कोरडेपणा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, संबंधाच्या वेळी दुखणं हे सर्रास असतं, आणि पाळी गेल्यावर जास्तच. वंगण जेली किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं क्रीम यांनी बराच फरक पडतो. पण सुरुवातीचं वाक्य डॉक्टरबाईंना हवं होतं. आम्ही बसून वाक्य तयार केलं: “शुगरमुळे बऱ्याच जणींना आतून कोरडं पडतं, जवळ येताना दुखतं. तुम्हाला दुखतं का?” यावर पहिल्या बाईंनी त्यांना उलट विचारलं, “मॅडम, यालाही औषध असतं?”