प्रीमियम घेण्याआधी एवढं कर

हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावाचे तुझे फोटो पाहिले. फोटो एडिटिंग अ‍ॅपचं प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारी आवृत्ती, घेऊ का असं विचारलंस. नजर चांगली आहे तुझी, म्हणून स्पष्टच सांगतो: वर्षभराचं प्रीमियम आत्ता घेऊ नकोस.

मला खटकलं ते दोनच गोष्टींत. क्षितिज डावीकडे कललंय आणि होड्यांमागचं आभाळ पांढरंफटक पडलंय. क्षितिज स्नॅपसीड या मोबाइल अ‍ॅपमध्ये फुकटात सरळ होतं. आभाळ मात्र महागडं सॉफ्टवेअरही परत आणणार नाही, कारण जेपेगमध्ये (फोटोची नेहमीची फाइल) जळालेल्या, म्हणजे पूर्ण पांढऱ्या पडलेल्या भागात माहितीच उरत नाही. फोटो काढतानाच एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं खाली ठेव. पुढे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढायला लाग. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. सावलीतला कोळणीचा चेहरा उजळताना हा फरक लगेच दिसेल. रॉ फाइल एडिट करायला संगणकावर डार्कटेबल हे सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) ओढून समुद्र निळा करणं. आपला पावसाळी समुद्र मातकट असतो, तो तसाच छान दिसतो.
- मूळ फाइलवरच सेव्ह करणं. ही चूक भरून येत नाही.

तीन-चार महिन्यांनी एखादी सुविधा नाही म्हणून रोज अडायला लागलं, की आधी महिन्याभराचंच घेऊन बघ. मास्किंग (फोटोचा ठरावीक भागच बदलणं) वगैरे तेव्हा बोलू. लिलावाचे पुढचे फोटो नक्की दाखव.