एकच लग घासला जातोय? रिसीव्हरला दोष द्यायच्या आधी टूल तपासा

तुमची पोस्ट वाचताना माझंच जुनं रडगाणं कोणीतरी टाइप केलंय असं वाटलं. रायफलसाठी नवीन लग लॅपिंग टूल (बोल्ट म्हणजे मागून नळी बंद करणारा दांडा, लग म्हणजे त्याला रिसीव्हरमध्ये, म्हणजे मुख्य सांगाड्यात, अडकवणारे दोन दात, आणि लॅपिंग म्हणजे ते पेस्ट लावून घासून सारखे टेकवणं), बोल्टचा एक लग लख्ख, दुसऱ्यावर खूण बघायला लावलेला निळा रंग जसाच्या तसा, आणि विकणारा म्हणतोय टूल ठीक आहे, तुमचा रिसीव्हरच वाकडा. मलाही हेच उत्तर आलं होतं.

बोल्ट खोलणं, त्यातले स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी पिन) आणि इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) काढणं वगैरे तुम्ही केलेलंच असणार, त्यात जात नाही. एक सांगून ठेवतो, मी लेथवरचा माणूस आहे आणि तुमची रायफल माझ्यासमोर नाहीये, त्यामुळे खालचं सगळं अनुभवाचं बोलणं समजा. गोळी झाडायच्या आधी हेडस्पेस गेज (बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस पुढे टेकतं ती जागा यांतलं अंतर तपासायचं माप) असलेल्या जाणत्या गनस्मिथला दाखवाच.

पहिलं म्हणजे पेस्ट लावणं आत्ताच्या आत्ता थांबवा. "अजून थोडं घासलं की दुसरा पण टेकेल" हा विचार मनात येतो, पण टूल तिरकं असेल तर तो कधीच नीट टेकणार नाही, तुम्ही फक्त लग बसायची जागा, म्हणजे सीट, तिरकी करत जाणार.

हे टूल करतं काय, तर बॅरलच्या (नळीच्या) जागी त्याची बॉडी आट्यांवर बसते आणि आतला स्प्रिंगवाला प्लंजर (सरकणारा दट्ट्या) बोल्टच्या तोंडाला मागे रेटतो, म्हणजे लगांची मागची बाजू रिसीव्हरमधल्या सीटवर दाबली जाते आणि हँडल वरखाली केलं की पेस्ट घासते. आता हा रेटा बरोबर मधोमध आणि सरळ आला तरच दोन्ही लग सारखे घासणार. खुंटा ढिला झालेलं जातं जसं एकाच अंगाला दळतं तसं होतं नाहीतर. आणि गंमत अशी की या टूलमध्ये जे जे खराब असू शकतं ते सगळं नेमकं याच गोष्टीवर येऊन पडतं, पण बाहेरून बघून काहीच कळत नाही, काळा फिनिश मस्त असतो, डबा पण छान असतो.

माझ्या टूलमध्ये प्लंजर बॉडीच्या भोकात चांगलाच ढिला हलत होता, बोटाने ढकलला की कळायचं. त्यात स्प्रिंगची टोकं ग्राइंड केलेली नव्हती, नुसती तार कापून सोडलेली. अशी स्प्रिंग दाबली की सरळ ढकलत नाही, एका बाजूला ढकलते. ढिला प्लंजर आणि तिरकी स्प्रिंग एकत्र आले की संपलं.

हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे आणि त्याला लेथ पण लागत नाही. लग आणि सीट स्वच्छ पुसा, पेस्टचा कण राहता कामा नये. लगांच्या मागच्या बाजूला निळा रंग लावा (नसेल तर पर्मनंट मार्कर चालतो), टूल बसवून हँडल हलकेच थोडं वरखाली करा आणि खुणा बघा, फोटो काढून ठेवा. मग बॉडी तशीच ठेवून फक्त प्लंजर अर्धा फेरा फिरवा, परत रंग, परत बघा. मग बॉडी अर्धा आटा मागे घेऊन पुन्हा तेच. खूण टूलबरोबर जागा बदलत असेल तर दोष टूलमध्ये. काहीही फिरवलं तरी तोच लग टेकत असेल तर मात्र रिसीव्हर किंवा बोल्ट खरंच आऊट आहे आणि विकणारा खरं बोलतोय, तसं पण होऊ शकतं. माझी खूण प्लंजरबरोबर फिरत होती, अगदी स्पष्ट.

लेथ असेल तर अजून पक्कं करता येतं. चकमध्ये एक तुकडा धरून त्यात आतले आटे पाडा, तो चकमधून न काढता टूल त्यात बसवा आणि प्लंजरच्या अंगावर आणि तोंडावर डायल (फिरताना किती डुलतंय ते दाखवणारं मापयंत्र) लावा. बाहेरून नुसतं चकमध्ये धरून डायल लावू नका, त्याने बाहेरचा गोल आणि प्लंजरचं नातं कळतं, आट्यांचं नाही, आणि आपल्याला आट्यांशीच देणंघेणं आहे.

आटे निघालेच आहेत तर, तुमचा रिसीव्हर कोणता ते लिहिलं नाहीये. रेमिंग्टन ७०० या रायफलचे आटे इंचाला १६ आणि ६० अंशाचे, पण माउझर ९८ चे इंचाला १२ आणि ५५ अंशाचे. ५५ च्या रिसीव्हरसाठी म्हणून विकलेलं पण ६० अंशाच्या टिपाने (आटे कापायच्या हत्याराने) पाडलेलं टूल जर जरा ढिलं ठेवलं असेल तर बसतं, हाताने फिरतं पण, फक्त आट्यांच्या अंगाला धड टेकत नाही आणि डुलतं. "आटे बसतात" म्हणजे टूल बरोबर असं नाही!

आता मला टूल विकणाऱ्यांच्या तक्रार विभागाबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. मी वरच्या सगळ्या खुणांचे फोटो पाठवले, उत्तर आलं की टूल ड्रॉइंगप्रमाणे आहे. ड्रॉइंगमध्ये प्लंजर आणि आट्यांचा मध्य किती जुळायला हवा ते लिहिलंय का असं विचारलं, तर ती माहिती ग्राहकाला देता येत नाही. मग म्हणाले टूल पाठवा, तपासतो. पाठवलं. बऱ्याच आठवड्यांनी तेच टूल परत आलं, वर ओकेचं स्टिकर, आणि सोबतच्या कागदावर एकच माप, प्लंजरचा व्यास, व्हर्नियरने घेतलेला. व्यासाबद्दल माझी तक्रारच नव्हती हो! भोक किती मोठं आहे ते कोणी मोजलंच नाही, स्प्रिंग बाहेर काढलीच नव्हती कारण मी टूलच्या टोपीवर मार्करने मारलेली रेघ तशीच जुळलेली होती. आणि खाली छापील ओळ की मालावर पेस्टचे अंश आढळल्याने परतावा लागू नाही. म्हणजे न वापरता दोष कळत नाही आणि वापरलं की तक्रार करता येत नाही. फोनवरच्या बाईंनी शेवटी "लॅपिंग कसं करायचं याचा व्हिडिओ बघा सर" असं सांगितलं तेव्हा मी फोन ठेवला, नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं. टूलच्या पैशाचं एवढं नाही, या सगळ्यात काम अडकून पडलं आणि सीट लेथवर परत सरळ करून घ्याव्या लागल्या, तो खर्च टूलपेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून तुम्हाला सांगतो, विकणाऱ्याशी बोलताना "नीट चालत नाही" असं लिहू नका. रंगाचे तीन फोटो, डायलचं रीडिंग, आणि भोक आणि प्लंजर यांच्यातली फट किती ते आकड्यात लिहा, आणि तोच आकडा त्यांनी मोजून कळवावा असं मागा. पाठवायच्या आधी टूल रॉकेलने धुवून कोरडं करा. पार्सल बंद करतानाचा व्हिडिओ घ्या. तरी पैसे मिळतील याची खात्री नाही देत मी.

नवीन टूल घेणार असाल तर माझं मत, पटलं तर घ्या: लेथ येत असेल तर स्वतः बनवा. आटे आणि प्लंजरचं भोक एकाच सेटिंगमध्ये काढायचं, प्लंजर घट्ट सरकेल एवढाच ठेवायचा, आणि स्प्रिंगची टोकं ग्राइंडरवर सपाट करायची. बाजारात अर्ध्या टूलमध्ये ह्याच गोष्टी वगळलेल्या असतात.

आणि मुळात शंभर टक्के टेकलंच पाहिजे हा हट्ट सोडा. आपण लॅपिंग करतो आतले भाग काढलेल्या बोल्टवर, पण कॉक केल्यावर (स्ट्रायकर ताणल्यावर) सिअर, म्हणजे स्ट्रायकर अडकवून धरणारा ट्रिगरचा भाग, मागून बोल्टचं शेपूट वर उचलतो आणि ७०० सारख्या ॲक्शनमध्ये वरचा लग सीटवरून जरासा उठू शकतो. दोन्ही लग पाऊण भागाच्या आसपास टेकत असतील तर मी तिथेच थांबतो. माउझर असेल तर अजूनच लवकर, कारण त्याचं केस हार्डनिंग (पृष्ठभाग कडक करणं) फक्त वरवरचं असतं, ते घासून गेलं की खालचं मऊ लोखंड दबत जातं आणि हेडस्पेस वाढत राहतो.

जेवढं घासलंय तेवढा बोल्ट मागे गेलाय हे पण लक्षात ठेवा. .३०८ काडतुसाच्या रायफलमध्ये गो गेज (ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) १.६३० इंच आणि नो-गो (ज्यावर बंद होता कामा नये) १.६३४, म्हणजे मध्ये फक्त ४ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), साधारण एक दशांश मिलिमीटर. बॅरल परत लावल्यावर नो-गोवर बोल्ट बंद होत असेल तर बॅरलचा खांदा मागे घ्यावा लागेल. बॅरल नटवाली रायफल असेल तर नशीबवान आहात, नट सोडून गेजवर परत सेट करता येतं.

प्लंजर फिरवल्यावर खूण हलली की नाही तेवढं आधी कळवा, आणि रिसीव्हर कोणता ते पण लिहा.